जन्मठेपेत दिवस-रात्र वेगळे मोजून सात वर्षांत सुटका होते का? आणि आतून घरी फोन किती वेळा करता येतो?

नाही, होत नाही. जेलात दिवस वेगळा आणि रात्र वेगळी असं कोणी मोजत नाही, तुमच्या भावाचंही मोजणार नाहीत. हे तुमच्या डोक्यात कोणी भरवलं ते ठाऊक नाही. आमच्या घरी मामांनी सांगितलं होतं, आणि त्यांच्या शब्दावर आमच्या आईने कित्येक वर्षं वाट पाहत काढली. तेवढ्यासाठीच लिहितो आहे.

जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ गोडसेच्या प्रकरणात 1961 मध्येच सांगून ठेवलंय की माफी, म्हणजे वागणूक आणि कामाबद्दल शिक्षेतून कमी होणारे दिवस, कितीही साठली तरी सरकारने आदेश काढल्याशिवाय जन्मठेपवाला सुटत नाही. कायद्यात 20 वर्षांचा आकडा आहे तो शिक्षेचा अंश, म्हणजे अर्धी-पाव शिक्षा किती ते काढायला, सुटकेची तारीख काढायला नाही. आणि खुनाच्या 302 सारख्या, म्हणजे फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात प्रत्यक्ष 14 वर्षं आत काढल्याशिवाय सरकारलाही सोडता येत नाही. पूर्वी हे 433-अ कलम होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत 475 आहे. कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस त्या 14 वर्षांत धरतात. पण 14 भरली की गेट उघडतं असंही नाही. शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत, पोलिसांचा अहवाल, जेलचा अहवाल असं सगळं गृह विभागाकडे जातं आणि गुन्हा कोणत्या गटात बसतो त्यावर पुढची वर्षं ठरतात. माफीचे दिवस कामाला येतात ते इथे.

माझ्या थोरल्या भावाला धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात जन्मठेप झाली. खरं-खोटं कोर्टात झालं, ते इथे काढत नाही. तेव्हा घरी बोलायला कॉइन बॉक्स होता. आमच्या गावात रेंज फक्त गोठ्यामागच्या निंबाखाली. फोनचा दिवस असला की आई सकाळपासून तिथे बाज टाकून बसायची, हातात मोबाईल, वेचायला जायची नाही. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवला का रे?" मग दादा विचारायचा, कपाशीचा वेचा किती झाला, मोऱ्या बैल चारा खाते का. ती सांगत असतानाच वेळ संपून फोन कट व्हायचा. ती बराच वेळ मोबाईल कानालाच धरून ठेवायची.

हे पाहून मामांनी एक माणूस आणला. त्याचा कोणी नातेवाईक त्याच जेलात होता. इतके पैसे द्या, आत लहान मोबाईल पोचवतो, पोरगा रोज रात्री आईशी बोलेल. आई मला म्हणाली, "माह्या पोराचा आवाज तं ऐकू दे मले, बापा." मी नाही म्हणालो. मामा चारचौघांत म्हणाले, "याले भावापेक्षा पैसा मोठा हाय." वर्षभर आई माझ्याशी नीट बोलली नाही.

मी नाही का म्हणालो ते तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगतो. 1962 च्या महाराष्ट्राच्या माफी नियमांप्रमाणे महिन्याकाठी जे दिवस मिळतात ते वागणुकीचे आणि कामाचे. मोबाईल सापडला की कारागृहाचा गुन्हा लागतो आणि साठवलेली माफी कापली जाते. 31 मार्च 2015 ला नागपूरच्या जेलातून पाच कैदी पळाले, त्यानंतरच्या झडत्यांत तिथे किती मोबाईल निघाले ते विदर्भातल्या सगळ्यांनी पेपरात वाचलंय. दादाच्या बराकीतही झडती झाली. ज्यांच्याकडे फोन निघाले त्यांची माफी गेली. दादाच्या वळकटीत घरची पत्रं होती, दुसरं काही नाही. पुढे मोर्शीच्या खुल्या कारागृहासाठी नावं निघाली त्यात त्याचं होतं.

तुमच्या फोनच्या प्रश्नाचं सांगायचं तर किती वेळा आणि किती मिनिटं हे परिपत्रकाप्रमाणे बदलत राहतं, मुलाखतीला जाल तेव्हा तिथेच विचारा. 2023 मध्ये येरवड्यापासून स्मार्ट कार्डचे फोन सुरू झाले. नंबर आधी नोंदवून तपासून घेतात. म्हणून सिम घरच्याच माणसाच्या नावावर ठेवा आणि त्याचं रिचार्ज चुकवू नका. कंपनी बदला, पण नंबर बदलू नका. ई-मुलाखतीची, म्हणजे व्हिडिओवरच्या भेटीची नोंदणी नातेवाइकाने पोर्टलवर करायची असते. तालुक्याच्या ठिकाणचा सेतूवाला करून देतो.

रजेचंही ऐका, कारण लोक इथेच घोळ करतात. फर्लो म्हणजे संचित रजा, ती शिक्षेत धरतात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, तेवढी शिक्षा पुढे सरकते. कोणत्याही रजेवरून उशिरा हजर झालं तर माफी कापतात. आईच्या आजारपणात दादा पॅरोलवर आला होता. मामा म्हणाले, चार दिवस जास्त राहू द्या, कोण विचारते. मी त्याला तारखेच्या सकाळीच एसटीत बसवून दिलं.

राज्यपालांचा दयेचा अधिकार वेगळा आहे, त्याला 14 वर्षांची अट लागत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मकोकासारखा (संघटित गुन्हेगारीविरोधातला) कायदा लागला असेल तर मी लिहिलेलं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही. आणि शिक्षा मध्य प्रदेश किंवा तेलंगणातल्या कोर्टाने दिली असेल, तर मुदतपूर्व सुटकेचा निर्णय त्याच राज्याचं सरकार घेतं, जानेवारी 2024 च्या बिल्किस बानो निकालाने ते पक्कं झालंय. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, फुकट मिळतो.

मामा अजूनही लग्नाकार्यात सांगतात की दादा त्यांच्या ओळखीमुळे सुटला. दादाच्या सुटकेच्या आदेशाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, त्यात त्याच्या वर्तणुकीचा आणि माफीच्या दिवसांचा उल्लेख आहे, मामांचा नाही. तुमच्या भावाला पुढच्या मुलाखतीत एवढंच विचारा की आजपर्यंत माफी किती दिवस लागली. आकडा लिहून घ्या, आणि सात वर्षांवाला पुन्हा घरी आला की त्याच्यासमोर ठेवा.