वाचकांचे प्रश्न : खुणा जुळल्या, पण पेटी सापडेना

प्रश्न : आमच्या कॉलनीमागच्या झाडीत, कमिटीच्या परवानगीने, मुलांसाठी शोधपेटी (चिठ्ठीतल्या खुणांवरून शोधायची पेटी) लपवली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘जुन्या वडापासून १२० अंशांवर ६० पावलं, मग दगडांच्या खाली.’ तीन गटांनी शोधलं, तिघे तीन ठिकाणी पोहोचले. कुठे चुकतं? – एक वाचक, विक्रोळी

उत्तर : चूक बहुधा चिठ्ठीतच आहे. ‘६० पावलं’ कुणाची? मोठ्या माणसाचं पाऊल ७० सेंटीमीटर धरलं तर ती ४२ मीटर होतात, दहा वर्षांच्या मुलाचं ५५ धरलं तर ३३. नऊ मीटरचा फरक इथेच पडला. म्हणून अंतर मीटरमध्ये लिहा. शोधणाऱ्यांनी आधी टेपने ५० मीटर मोजावेत, ते अंतर नेहमीच्या चालीने तीनदा चालून पावलांची सरासरी काढावी. ही मोजणी झाडीतच करा, कारण चढावर आणि पालापाचोळ्यात पाऊल आखूड पडतं.

वडाचाही घोळ आहे. पारंब्या जमिनीत रुजलेल्या जुन्या वडाचा बुंधा कुठे सुरू होतो, हेच सांगता येत नाही. ‘पाराच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यापासून’ असं लिहा.

मग होकायंत्र. मुंबईत होकायंत्राची सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर दिशा आणि नकाशावरची खरी उत्तर दिशा यांत जेमतेम अंशाचा फरक असतो, तेव्हा त्याला दोष देऊ नका. दोष लोखंडी कुंपणाचा, किल्ल्यांच्या जुडग्याचा किंवा फोनच्या चुंबकवाल्या कव्हरचा असतो. पाच अंशांची चूक ४० मीटरवर साडेतीन मीटर बाजूला नेते. म्हणून १२० अंशांच्या रेषेत दिसणारं एखादं झाड हेरून तिथवर जा, तिथून पुढचं हेरा. पोहोचल्यावर मागे वळून पाराचा तोच कोपरा पाहा. तो ३०० अंशांवर, म्हणजे १२० च्या बरोबर उलट दिशेला, दिसला पाहिजे. नाही दिसला तर बाजूला सरका आणि पुन्हा पाहा.

दगडाखाली हात घालण्याआधी काठीने चाचपून बघा. घोणस आणि विंचू अशाच जागा धरतात. खरं तर लपवणाऱ्याने बिळं आणि दगडांच्या कपारी टाळाव्यात. झाडाच्या मुळांमध्ये, आत काय आहे ते दिसेल अशा बेचक्यात ठेवलेली पेटी शोधायलाही पुरेशी अवघड असते.

प्रश्न : पेटीत काय ठेवायचं? पावसात सगळं भिजलं. – एक वाचक, भांडुप

उत्तर : नोंदवही, शिसपेन्सिल आणि रबरी शिक्का. शोधणारा पेटीतला शिक्का स्वतःच्या वहीत उमटवतो आणि स्वतःचा पेटीतल्या वहीत. हीच या खेळाची खरी गंमत. याची सुरुवात इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर झाली. १८५४ मध्ये जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या ठिकाणी बाटली ठेवली, येणारे तिच्यात आपली कार्डं टाकत.

शिक्का मोठ्या खोडरबरवर कोरा. अक्षरं उलटी कोरावी लागतात, पुष्कळांचा पहिला शिक्का इथेच वाया जातो. शाईचा पॅड शोधणाऱ्याने आणावा, पेटीत तो वाळतो. चारही बाजूंनी क्लिप लागणारा प्लास्टिकचा डबा घ्या. वही एका झिप-लॉक पिशवीत, शिक्का दुसऱ्या. झाकणाच्या रबरावर मातीचा कण राहिला तरी पाणी आत शिरतं, तेव्हा लावण्याआधी पुसा. जेल पेन नको, शाई फुटते. खाऊ तर मुळीच नको, माकडं आणि मुंग्या डबा सोडणार नाहीत. तरीही जून ते सप्टेंबर पेटी घरी आणलेलीच बरी.

प्रश्न : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पेटी लपवली तर? – एक वाचक, दहिसर

उत्तर : नको. ते बिबट्यांचं घर आहे. तिथे आखलेली वाट सोडून फिरणं आणि वस्तू ठेवून येणं दोन्ही चूक. हा खेळ जागेच्या मालकाच्या परवानगीने सोसायटीचं आवार, शाळेचं मैदान किंवा ओळखीच्यांची बाग इथेच खेळा.