आधी चासी बघा, मग इंजिनावर खर्च करा

प्रश्न : ताई, आम्ही ओहायोत राहतो. रोपं, माती, खत घरपोच देण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. त्यासाठी १९९४ची फोर्ड एफ-१५० वापरते. सहा सिलिंडरचं ४.९ लिटर इंजिन, हातानं टाकायचे पाच गिअर, २,३१,००० मैल झालेत. वर्षाला साधारण ७,००० मैल चालते. क्लच घसरतोय आणि ऑइल गळतं. एका मेकॅनिकनं सगळ्या दुरुस्तीचे ३,४०० डॉलर सांगितले. दुसरा म्हणतो इंजिनच बदला, ६,५००. गाडी विकली तर फार तर ४,५०० येतील. नवरा म्हणतो, हे इंजिन मरत नाही, पैसे घालूया. मला वाटतं ५२,०००ची नवी पिकअप घ्यावी. ७,००० आधी भरायचे आणि ४५,०००चं कर्ज, ७.५ टक्के, ७२ महिने. ते ७,००० अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशातले आहेत. नव्या गाडीचं व्याज करातून वजा होतं असं डीलर म्हणाला. काय करू?

उत्तर : नमस्कार. तुम्ही मेकॅनिककडून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घेतलंत आणि तो कागद पत्रासोबत पाठवलात, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. चौरस इंचाला १५०, १४८, १५२, १४५, १५०, १४७ पौंड. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत ७ पौंडांचा फरक. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली गेला असता तर मी काळजी केली असती. इथं तो ९५ टक्के आहे. या कागदाच्या जोरावर ६,५०० डॉलरचं नवं इंजिन आजच नाकारा. ज्यानं ते सुचवलं त्यानं ऑइलची गळती पाहिली, आत डोकावला नाही.

तुमच्या मिस्टरांचं इंजिनाबद्दलचं मत खरं आहे, आणि ते का खरं आहे हे तुम्हालाही कळायला हवं, कारण पैसे तुमच्या वहीतून जाणार आहेत. ३०० घनइंचांचं, म्हणजेच ४.९ लिटरचं, हे इंजिन फोर्डनं १९६५च्या मॉडेलपासून १९९६पर्यंत बनवलं, तेही तुमच्याच राज्यात, क्लीव्हलंडजवळच्या ब्रुक पार्कला. ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं. सहा सिलिंडर एका ओळीत आणि क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, सात मेन बेअरिंग, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही बाजूंनी आधार. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थेट गिअरवर चालतो, त्यामुळे ताणली जाईल अशी टायमिंग चेन नाही आणि तुटेल असा पट्टाही नाही. ताकद साधारण १५० अश्वशक्तीच, पण ओढायचा जोर जवळपास २,००० आरपीएमलाच मिळतो. मातीनं भरलेली गाडी चढावर न्यायला इंजिन ओरडवावं लागत नाही. कमी फिरतं म्हणून कमी झिजतं.

पण न मरणारं यंत्र नसतं. याची दुखणी ठरलेली आहेत. बाजूच्या पुशरॉड कव्हरचं गॅस्केट आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं मेन सील गळतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा जातो. इग्निशन मॉड्यूल उष्णतेनं दगा देतं. आणि फारसं कुणी सांगत नाही ते असं, की पिकअपमधल्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्टचा गिअर फायबरचा असतो. आवाज कमी व्हावा म्हणून तसा दिलेला. तीस वर्षांनी त्याचे दात ठिसूळ होऊ शकतात, आणि तो गेला की गाडी जागच्या जागी बंद. त्याची अवस्था फार न उघडता कळते. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, क्रँकशाफ्ट पान्यानं किंचित पुढं-मागं हलवायचा आणि आतला रोटर लगेच हलतो का ते बघायचं, कारण रोटर कॅमशाफ्टमुळेच फिरतो. क्रँक बराच सरकल्यावर रोटर जागा होत असेल तर गिअर झिजलाय. हे मेकॅनिकला तुमच्यासमोर करायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता मला ज्याची खरी धास्ती वाटते ते. तुमच्या पत्रात इंजिन, क्लच, ऑइल, सगळं आहे, चासीबद्दल, म्हणजे गाडी जिच्यावर उभी असते त्या पोलादी सांगाड्याबद्दल, एक ओळ नाही. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं. गाड्यांची दरवर्षीची सुरक्षा-तपासणी तुमच्या राज्यात सक्तीची नाही, म्हणजे कुणी अधिकारी तुमच्या गाडीखाली वाकून बघणार नाही. तीस हिवाळे खाल्लेली गाडी आहे ही. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका गृहस्थांनी अशाच पिकअपच्या इंजिनाचं ४,८०० डॉलर खर्चून ओव्हरहॉल केलं. इंजिन घड्याळासारखं चालायला लागलं. पाच महिन्यांनी मागच्या पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) हँगर गंजून चासीपासून सुटला, आणि लिफ्टवर घेतल्यावर दिसलं की वेल्डिंग करायला धड पत्राच उरलेला नव्हता. इंजिन निघालं कवडीमोलानं. ती रक्कम त्यांच्या मुलीच्या कॉलेजच्या पहिल्या सत्राची होती. ते प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही, म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहानं सांगतेय.

तेव्हा पहिले दीडशे डॉलर तपासणीवर घाला. गाडी लिफ्टवर चढवा, स्वतः खाली उभ्या राहा आणि छोटा हातोडा सोबत न्या. चासीवर हलकेच ठोका. चांगल्या पोलादाचा आवाज टणटणीत येतो. आवाज भद्द आला आणि पापुद्रे पडले की समजा आतून खाल्लंय. मागच्या पाट्यांचे हँगर, पेट्रोलच्या टाक्यांच्या वरचा भाग, केबिन जिथं चासीवर बसते त्या जागा आणि ब्रेकच्या नळ्या, या चार ठिकाणी जास्त वेळ द्या. ब्रेकची नळी खवल्यासारखी सोललेली दिसली तर ती बदलेपर्यंत माल भरून गाडी रस्त्यावर काढू नका.

चासीच्या दुरुस्तीचा अंदाज २,५०० डॉलरच्या वर गेला तर गाडी विका. हा आकडा आजच कागदावर लिहून दोघांनी त्यावर सही करा, कारण गाडी लिफ्टवर असताना माणूस भावनेनं बोलतो. चांगल्या कॉम्प्रेशनच्या कागदासह या इंजिनाला गिऱ्हाईक मिळतं, गाडी अगदीच मातीमोल जाणार नाही.

चासी धड निघाली असं धरून हिशेब बघू. तुम्ही कळवलेले विम्याचे आकडे घेते : जुन्या गाडीला फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, वर्षाला ६२०, आणि नवीला पूर्ण विमा, १,७५०. कर्ज देणारा पूर्ण विम्याशिवाय कर्ज देणार नाही, तिथं तुम्हाला निवड नाही. पेट्रोल ३.२० डॉलर गॅलन धरलं. जुनी गॅलनला १५ मैल देते, म्हणजे वर्षाचे सुमारे १,५००. नवी २१ देईल असं धरलं तर १,०७०. पेट्रोलची बचत वर्षाला सव्वाचारशे डॉलरच्या आसपास. नव्या गाडीच्या जाहिरातीत हा मुद्दा मोठा दिसतो, ७,००० मैलांना तो फार छोटा आहे.

नव्या गाडीचा हप्ता महिन्याला ७७८ बसतो. सहा वर्षांत कर्जापोटी ५६,०००च्या वर जातील, त्यात ११,००० निव्वळ व्याज. आधी भरलेले ७,००० धरा, सहा वर्षांनी गाडीचे २१,००० आले असं उदारपणे समजा, तरी गाडीपोटीच वर्षाला ७,००० पडतात. विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंगचे सातशे मिळवले की वर्षाला साडेदहा हजार. जुन्या गाडीत ३,४०० तीन वर्षांत विभागले तर वर्षाला ११३३. पुढच्या किरकोळ-मोठ्या दुरुस्त्यांना मी १,८०० धरते, कमी धरत नाही. विमा आणि पेट्रोल मिळून एकूण ५,०५०च्या आसपास.

फरक जवळजवळ साडेपाच हजारांचा, पण तो सगळा तुमच्या पदरात पडणार नाही. मोसमातली एक शनिवारची फेरी चुकली तर ४५० डॉलर बुडतात असं तुम्ही लिहिलंय. वर्षातून सहा दिवस गाडी बसली तर २,७०० गेले. मग फरक २,८००वर येतो. तरी जुनी गाडी स्वस्तच, फक्त तुमचे मिस्टर म्हणतात तितकी नाही. आणि बसलेल्या दिवसांपैकी निम्म्या दिवशी भाड्याचा ट्रक घेऊन फेरी पूर्ण करता आली तर हे नुकसान बरंच कमी होतं. आधीच जवळ कुठे ट्रक भाड्यानं मिळतो ते बघून ठेवा.

गाडीची किंमत ४,५०० आणि दुरुस्ती ३,४००, मग दुरुस्ती वेडेपणाची, हा विचार तुमच्या मनात आहे, पत्रातून तो जाणवतो. ती तुलना बाजूला ठेवा. तुम्ही गाडी विकायला काढलेली नाही, वापरायला ठेवताय. तुमचा प्रश्न पुढच्या तीन वर्षांत माल कमीत कमी पैशात कसा पोचेल हा आहे.

डीलर व्याजाबद्दल बोलला ते अर्धवट. २०२५च्या कायद्यानं २०२५ ते २०२८ या वर्षांत नव्या, अमेरिकेत जुळवलेल्या गाडीच्या कर्जावर वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करता येतं, पण ते वैयक्तिक वापराच्या गाडीसाठी, आणि एकट्याचं उत्पन्न १,००,००० किंवा जोडप्याचं २,००,००० यावर गेलं की सवलत कमी होत जाते. तुमची गाडी व्यवसायाची. धंद्याच्या वापरापुरतं व्याज व्यवसायाच्या खर्चात आधीपासूनच धरता येतं. दोन्हीकडे ते उत्पन्नातून वजा होतं, करातून नाही. तुमच्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे ३,१७०. तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर आयकरात वाचतात ७०० डॉलर. सातशे वाचवायला तीन हजार व्याज भरायचं नसतं. उलट जुन्या गाडीचा मैलांप्रमाणे खर्च दाखवत असाल तर २०२५चा दर मैलाला ७० सेंट होता. ७,००० मैल धंद्याचे असतील तर त्या दरानं ४,९०० डॉलर वजावट, म्हणजे जवळजवळ वर्षाच्या खर्चाइतकीच. मात्र या पद्धतीत दुरुस्तीचं बिल वेगळं दाखवता येत नाही, आणि ही पद्धत गाडी धंद्यात आणल्याच्या पहिल्या वर्षापासून निवडलेली असावी लागते. तुमच्या कर सल्लागाराला जुनी विवरणपत्रं बघायला सांगा.

३,४००च्या बिलातली सगळी कामंही लगेच नकोत. क्लच आणि मागचं मेन सील, १,५००, एकत्रच करा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी एकदाच भरायची. मॅनिफोल्डचे ७०० द्या. तड्यातून निघणारा धूर केबिनमध्ये येतो, तो विषारी असतो. वॉटर पंप आणि होजेसचे ७०० पण द्या, कारण बिडाचं इंजिन काहीही सोसतं, उकळणं सोसत नाही. बाजूच्या कव्हरची आणि वरची गॅस्केट्स, ५००, थांबवली तरी चालतील. दर दुसऱ्या पेट्रोलला डिपस्टिक बघा आणि ऑइल भरत राहा. गळती वाढली तर मग करा. म्हणजे आत्ताचा खर्च २,९००. हे पैसे या मोसमाच्या नफ्यातून काढा.

त्या ७,०००ना हात लावू नका, नव्यासाठी नाही आणि जुन्यासाठीही नाही. तुमचं उत्पन्न मोसमी आहे. जानेवारी-फेब्रुवारीत घर त्याच पैशावर उभं असतं. नव्या गाडीचा खरा धोका मला हप्त्यात वाटत नाही, तो गंगाजळी रिकामी करून हिवाळ्यात शिरण्यात वाटतो.

७७८चा हप्ता झेपेल अशी तुमची तयारी होतीच. मग त्यातले ४०० दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात टाका, दुरुस्त्या उरलेल्यातून भागवा. तीन वर्षांत व्याज न धरता १४,४०० जमतील. तेव्हा चार-पाच वर्षं वापरलेली, गंज नसलेली पिकअप बघायला सुरुवात करता येईल, कर्ज लागलंच तर छोटं. चासी आत्ताच खराब निघाली तरी मी ५२,०००च्या गाडीकडे जाणार नाही, याच वापरलेल्या गाड्यांकडे जाईन.

एक गोष्ट पैशापलीकडची. या मॉडेलला एअरबॅग फक्त चालकाच्या बाजूला आहे आणि एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, मागच्या चाकांपुरतंच. धंद्याच्या फेऱ्यांना वापरा, मुलांना रोज शाळेत सोडायला ही गाडी वापरू नका. तुमच्या घरी दुसरी गाडी आहे, त्या कामाला ती.

तपासणी झाली की मागच्या हँगरचे आणि ब्रेकच्या नळ्यांचे जवळून काढलेले फोटो पाठवा. क्लचचं काम त्याआधी सुरू करू देऊ नका.