मादागास्करमध्ये सिंह का नाहीत आणि लेमूर तिथेच का?

मादागास्कर आफ्रिकेच्या इतकं शेजारी, तरी तिथे सिंह-जिराफ नाहीत आणि माकडांचे दूरचे भाऊबंद असलेले लेमूर मात्र फक्त तिथेच, हे कसं? नकाशा पाहिला की हा प्रश्न पडतोच. पण मधला समुद्र अगदी अरुंद जागीही 400 किलोमीटरच्या आसपास आहे, आणि ही फारकत फार जुनी आहे. सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग आफ्रिकेपासून सुटला तो भारताला चिकटूनच. भारत त्याला सोडून उत्तरेकडे निघाला सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी. सिंहांचा तेव्हा पत्ताही नव्हता.

लेमूरचे पूर्वज नंतर आले. पुरात वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवरून, असं बहुतेक अभ्यासक मानतात. माकडं मागून आलीच नाहीत, म्हणून लेमूरना रान मोकळं मिळालं. आज त्यांच्या शंभराहून अधिक जाती आहेत.

माझ्या मते त्यांतला सगळ्यात विलक्षण आय-आय. रात्री हा खोडावर काडीसारख्या बारीक मधल्या बोटाने टकटक करतो, कान लावून आतली पोकळी हेरतो, दातांनी भोक पाडतो आणि त्याच बोटाने अळी ओढून काढतो. बेटावर सुतारपक्षी नाहीत. ते काम याने उचललंय.

बेटाचा पसारा महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, आणि मधोमध उत्तर-दक्षिण उंच पठार. हिंदी महासागरावरून येणारे वारे पूर्वेच्या उतारावर रिते होतात, तिथे सदाहरित जंगल. पश्चिमेला पानगळीचं रान आणि जाडजूड खोडाची बाओबाबची झाडं. नैर्ऋत्येला तर पावसाची वानवाच, सगळी काटेरी झाडी. उतारांवर जंगल जाळून भातशेती होते. माती पावसात वाहते आणि बेत्सिबोका नदी लालभडक होते. गरिबीतून होतं हे, पण जीव तुटतो.

आपल्या रस्त्यांवरचा गुलमोहर मूळचा तिथल्याच पश्चिमेकडच्या रानातला. कुंडीतली सदाफुलीही तिथलीच. तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध मिळालं.

जायचा विचार असेल आणि दिवस थोडे असतील, तर राजधानी अंतानानारिव्होहून पूर्वेला आंदासिबे गाठा. तिथे सकाळी इंद्री लेमूरचं कुटुंब एकसुरात हाका घालतं, दोन-अडीच किलोमीटरवर ऐकू जातात. इंद्री पिंजऱ्यात जगत नाही, त्यामुळे कुठल्याच प्राणिसंग्रहालयात तो भेटणार नाही. स्थानिक वाटाड्या घ्या आणि पहाटेच निघा.