चित्रातली एक चूक दिसली की अख्खं चित्र फाडावंसं वाटतं, काय करू?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण मीही फाडणाऱ्यांतलाच. जलरंगात दहाएक वर्षं झाली, हौस म्हणून. पोटापाण्याची नोकरी वेगळीच. आता फाडत नाही. त्यामागे तत्त्वज्ञान वगैरे काही नाही, 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद महाग पडतो आणि त्याची पाठ कोरी असते.

पुण्याच्या मंडईतला एक किस्सा सांगतो. महात्मा फुले मंडईची इमारत 1886 सालची, वर अष्टकोनी मनोरा. एका रविवारी सकाळी बोर्ड घेऊन बसलो होतो. मनोऱ्याच्या आठ बाजूंपैकी एका वेळी तीन-चारच दिसतात आणि त्यांच्या रुंदीत माझी नेहमी गोची होते. डावी बाजू फुगली, मनोरा कलला. त्या वैतागात आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, अर्धवट ओला असतानाच ‘जरा सारखं करू’ म्हणून त्यात ब्रश घातला. अशा वेळी नवं पाणी आधीचा रंग बाजूला ढकलतं आणि कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी नक्षी उमटते. तीही घासून काढायला गेलो, तर कागदाचे तंतू उठले आणि रंग त्यांत काळपट होऊन बसला. मूळ चूक नखाएवढी, दुरुस्ती तळहाताएवढी.

शेजारी मेथीच्या जुड्या लावून बसलेल्या मावशी मघापासून बघत होत्या. आता मनोऱ्यावर बोलणार, म्हणून मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "समदं काढलं की तुमी, आन् माझी छत्री कुठंय?"

खरंच नव्हती! गडद निळी, भली मोठी छत्री दोन तास डोळ्यांसमोर होती. आभाळातला डाग त्यांना ढग वाटला होता.

तेव्हापासून ओल्या चित्राला हात लावत नाही. पावसाळ्यात रंग वाळता वाळत नाही, हात शिवशिवतात. मग सरळ उठून चहाला जातो. वाळलं की मागे तारीख टाकून आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. नंतर बघितलं तर पुष्कळदा ती चूक शोधावी लागते, आणि भलतीच एखादी दिसते. ती पुढच्या चित्रात बघू.

अर्थात सगळंच चालवून घेतो असं नाही. उजेडासाठी राखलेल्या कोऱ्या जागेवर रंग गेला, तर पारदर्शक जलरंगात कागदाचा तो पांढरा पुन्हा तसा मिळत नाही. असं चित्र मी उलटं करतो आणि पाठीवर सराव करतो. पण रेघ हलली, मनोरा कलला, एवढ्यावर कागद फाडू नका हो.

मंडईचं चित्र अजून आहे. पुढच्या रविवारी जाऊन छत्री घातली, ती जरा जास्तच मोठी झाली. मावशींची काही तक्रार नव्हती.