वाचकांचे प्रश्न : हजेरीचे यंत्र आणि कापलेला अर्धा दिवस

प्रश्न : जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका दाल मिलमध्ये मी पर्यवेक्षक आहे. मालकांनी मस्टर बंद करून अंगठ्याचे यंत्र बसवले आहे. दहा मिनिटे उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो; मात्र पाळी संपल्यावर कोणी थांबले तर यंत्र ठरलेल्या वेळीच ‘आउट’ दाखवते. डाळ निवडणाऱ्या वयस्कर बायकांचे अंगठे यंत्र अनेकदा घेतच नाही. मालक मला नियमावली लिहायला सांगत आहेत. ती कशी असावी?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : नियमावलीत सर्वांत आधी अर्ध्या दिवसाची कपात रद्द करा, कारण ती कायद्याला धरून नाही. कामगार जेवढा वेळ गैरहजर असेल तेवढ्याच प्रमाणात वेतन कापता येते, हे तत्त्व वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्ये होते आणि वेतन संहिता, २०१९ मध्येही ते कायम ठेवलेले आहे. हिशेबाच्या सोयीसाठी आठ तासांची मजुरी ४८० रुपये धरली, तर एका मिनिटाचा एक रुपया होतो. म्हणजे दहा मिनिटांच्या उशिरासाठी फार तर दहा रुपये कापता येतील, आणि तुमच्याकडे मात्र २४० रुपये कापले जात आहेत. शिस्तीसाठी दंड करायचा असेल तर त्याची वाट वेगळी आहे. कोणत्या चुकीला दंड होईल हे आधी मंजूर करून सूचना फलकावर लावावे लागते, कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि त्या वेतनकाळातील एकूण दंड वेतनाच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही.

अंगठ्यांच्या बाबतीत त्या बायकांचा काहीही दोष नाही, हे मालकांना स्पष्टपणे सांगा. यंत्र ठशाचे चित्र जुळवत नाही. त्वचेवरील रेषा कुठे संपतात आणि कुठे फुटतात, त्या जागांची आकड्यांत केलेली नोंद ते पडताळून पाहते. वर्षानुवर्षे डाळ निवडून आणि पोती हाताळून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, त्यांच्या अंगठ्यावर यंत्राला पुरेशा खुणाच सापडत नाहीत. त्यात काचेवर मिलची धूळ बसते, थंडीत त्वचा कोरडी पडते आणि उन्हाळ्यात हात घामेजलेले असतात. प्रत्येकीची दोन्ही हातांची मिळून किमान चार बोटे नोंदवून घ्या, काच प्रत्येक पाळीपूर्वी पुसा आणि तरीही जिचा ठसा लागत नाही तिला कार्ड द्या. चेहरा ओळखणारे यंत्र घ्यायचे झाल्यास ते दरवाजात कामगाराची पाठ उजेडाकडे येईल असे लावू नका, कारण मागून ऊन आले की चेहरा काळवंडतो. रांगेत गेलेली मिनिटे कामगाराच्या नावावर कधीही टाकू नयेत.

आता पाळीनंतरच्या वेळेविषयी. यंत्र स्वतःहून खोटे बोलत नसते. सॉफ्टवेअरमध्ये पाळी संपली की आपोआप ‘आउट’ धरण्याची सोय असते आणि ती कोणीतरी चालू केलेली आहे. ती बंद करायला लावा. येण्याची वेळ मिनिटाने मोजायची आणि जाण्याची वेळ मोजायचीच नाही, हा अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर हे कारखान्यांच्या कायद्यात १९४८ पासून चालत आलेले आहे, तेव्हा ‘आउट’ची खरी वेळ नोंदवणे ही मालकांची मेहेरबानी ठरत नाही. शेवटचा नियम असा लिहा की, पगाराच्या आधी प्रत्येकाला त्याच्या नोंदींची छापील प्रत मिळेल आणि नोंदीत कोणी दुरुस्ती केली तर तिची तारीख, कारण व दुरुस्ती करणाऱ्याचे नाव त्यावर दिसेल. वीज गेल्यामुळे यंत्र बंद पडले तर त्या दिवसापुरते मस्टरच प्रमाण मानावे.

प्रश्न : मी धुळ्यात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी काम करते. माझ्याच लॅपटॉपवर टाकलेले सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी स्क्रीनचे छायाचित्र घेते आणि कळफलक शांत असला की तो वेळ ‘रिकामा’ धरते. मी संमती दिलेली नाही, असे म्हणून नकार देता येईल का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : केवळ तेवढ्या मुद्द्यावर नकार टिकणे अवघड आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये नोकरीच्या कारणासाठी काही माहिती संमतीविना वापरण्याची मुभा मालकाला दिलेली आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मात्र नोकरीसाठी दिलेली मुभा तुमच्या बँकेच्या पानापर्यंत किंवा घरच्यांच्या फोटोंपर्यंत ताणता येणार नाही. म्हणून कंपनीला ईमेलने विचारा की, काय नोंदवले जाते, ते कोण पाहते आणि किती दिवस ठेवले जाते. कंपनीचा लॅपटॉप मागा. तो मिळेपर्यंत तुमच्या लॅपटॉपवर कामासाठी वेगळे खाते उघडा आणि खासगी व्यवहार त्या खात्यात करू नका.

‘रिकाम्या’ वेळेबद्दल अधिक आग्रही राहा. वाचणे, विचार करणे आणि फोनवर ग्राहकाशी बोलणे हेही कामच आहे, आणि ते कळफलकावर उमटत नाही. अशी कामे, तसेच वीज किंवा इंटरनेट गेल्याची वेळ, रोज संध्याकाळी दोन ओळींत वरिष्ठांना ईमेलने कळवत जा, म्हणजे पगाराच्या वेळी वाद झाला तर त्या दिवशीचीच लेखी नोंद तुमच्या हाती असेल.