पहिला ऊप्स वाच

अरे, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसूनच तुझ्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरने लिनक्स कर्नल पाडला त्या स्क्रीनचा फोटो पाहिला, वेळ भरपूर होता. पण स्क्रीनच्या फोटोत निम्मा ट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची यादी) वर सरकून गेलेला असतो रे. आधी सिरियल केबल लाव, म्हणजे सगळा लॉग दुसऱ्या मशीनवर टेक्स्टमध्ये येईल. नेटकन्सोलच्या, म्हणजे नेटवर्कवरून लॉग पाठवायच्या, नादी लागू नकोस. जे कार्ड पडलंय त्याच्याच वाटेने लॉग कसा येणार?

पहिला ऊप्स, म्हणजे कर्नलचा एरर रिपोर्ट, वाच, पुढचे बहुतेक त्याचीच पिलावळ. आरआयपी ओळीत प्रोसेसर कुठे होता ते असतं; तिथलं फंक्शन आणि ऑफसेट कर्नलच्या फॅडर-टू-लाइन (faddr2line) स्क्रिप्टला दे. डीबग इन्फोसकट बिल्ड केलेलं असेल तर कोडची नेमकी ओळ मिळते.

आता खरी गंमत. तुझ्या एका रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी दिसतंय. स्लब (कर्नलचा मेमरी वाटणारा भाग) पॉयझनिंग चालू असलं की फ्री केलेल्या मेमरीत हेच भरतात. म्हणजे फ्री झालेल्या जागेला कोणीतरी अजून हात लावतंय. इंटरफेस डाऊन करतानाच पडतं म्हणतोस ना? मग स्टॉप फंक्शन बघ: नॅपी (कर्नलची पॅकेट उचलायची यंत्रणा) डिसेबल व्हायच्या आधीच रिंग (पॅकेटांची रांग) फ्री होतेय का? माझे यात तीन दिवस गेले होते, आणि निघाली काय, तर दोन ओळींची अदलाबदल!

खात्रीसाठी केसॅन (KASAN, कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावून चालव. मशीन रडतखडत चालेल, तोवर चहा मार. मेमरी कोणी फ्री केली त्याचाही ट्रेस ते देतं. तो मला पाठव, पण टेक्स्टमध्ये.