रविवारची खुली तालीम आणि पोलीस भरती

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावातून बी.ए. झालेल्या तरुणाचं पत्र आलंय. हातात संहिता नसताना, समोरच्यांनी दिलेल्या विषयावर तिथल्या तिथे विनोदी प्रवेश उभा करायचा, या ‘इम्प्रोव्ह’ प्रकाराचं त्याला मोबाइलवरून वेड लागलं. दर रविवारी संध्याकाळी त्यानं गावच्या समाजमंदिरात खुली तालीम सुरू केली. कुणीही यावं, फी नाही. पहिल्यांदा वीसेक जण आले, दीड महिन्यात पाच उरले. तो विचारतो: माणसं टिकवू कशी? यात करिअर आहे का? आणि ‘भरतीचं सोडून माकडचाळे करतोस’ म्हणणाऱ्या बाबांना काय सांगू?

मित्रा, बाबांचं निम्मं बरोबर आहे. नुसत्या इम्प्रोव्हवर महिन्याला पगार देणारी नोकरी आपल्याकडे नाही. मुंबई-पुण्यात ही कला करणारेही बहुतेक लेखन, जाहिराती, कंपन्यांमधल्या कार्यशाळा असं काहीबाही जोडून घर चालवतात. तेव्हा भरतीची तयारी सोडू नकोस. धावायचं पहाटे, तालीम आठवड्यातून एकदा. या दोन गोष्टींचं आपसात भांडण नाही.

आता गळतीकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे आणि त्याचं कारण तुझ्याच पत्रात आहे. ‘आमच्यात तिघं लई भारी करतात, बाकीचे हसून दाद देतात,’ असं तू कौतुकानं लिहिलंस. ते दाद देणारेच निघून गेले. बघायलाच बसायचं तर मोबाइल आहे, आणि दिवाळी ते होळी झाडीपट्टीची, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भाची, रात्र-रात्र चालणारी नाटकं आहेत. खुली तालीम भारी पोरांची नसते. पहिल्यांदा आलेला, भिंतीला टेकून उभा राहिलेला पोरगा घरी जाईपर्यंत दोनदा खेळला पाहिजे. हे बघणं तुझं काम, आणि ते करायचं तर तुला स्वतःला त्या दिवशी कमी खेळावं लागेल. इथेच बहुतेक संयोजक अडखळतात.

सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यांना गोलात उभं कर. एकेका शब्दानं गोष्ट पुढे नेणं, टाळी वाजली की जागच्या जागी थिजणं आणि दुसऱ्यानं तीच पोझ घेऊन वेगळा प्रवेश सुरू करणं, असे खेळ घे. यात कुणी एकटा पडत नाही. मग दोघादोघांचे दोन-तीन मिनिटांचे प्रवेश. प्रवेश रेंगाळला तर तूच टाळी वाजवून थांबव; ढिला पडलेला प्रवेश ताणण्यात कुणाचंच भलं नाही. प्रवेश संपल्यावर मत एकानंच द्यायचं, तेही एका वाक्यात. पाच जणांनी पाच सूचना केल्या की नवखा पुढच्या रविवारी येत नाही.

या कलेचा पाया म्हणजे समोरच्यानं दिलेलं स्वीकारायचं आणि त्यात भर घालायची. एक जण म्हणाला, ‘मामाजी, तुमची शेळी एसटीत जाऊन बसली ना जी!’ दुसरा म्हणाला, ‘माझ्यापाशी शेळीच नाही.’ हशा होईल, पण प्रवेश तिथेच मेला. तोच दुसरा म्हणाला, ‘बसू दे ना, खिडकी भेटली का तिले?’ की कंडक्टर येतो, अर्ध्या तिकिटाचा वाद होतो, शेळीला माहेरी जायचं निघतं. गाडगेबाबांचं कीर्तन आठव. ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि आलेलं उत्तर धरून पुढे जात.

तुझी पोरं ‘प्रमाण’ मराठीत बोलायला जातात आणि अडतात, हेही तू लिहिलंस. त्यांना झाडीबोलीतच खेळू दे. मात्र बोलीलाच विनोद करून विकू नका. ती खोड लवकर लागते.

गावात शहरापेक्षा एक धोका जास्त आहे. पुण्याच्या रंगमंचावर कुणी दारुडा सरपंच उभा केला तर तो कुणीच नसतो. तुझ्या समाजमंदिरात तो कोण, हे पहिल्या वाक्यालाच सगळ्यांना कळतं, आणि रात्री तुझ्या घरासमोर माणसं उभी राहतात. म्हणून नियम कर: गावातलं नाव, आडनाव, घर, जात, कुणाचं व्यंग, कुणाची बायको, यातलं काही घ्यायचं नाही. जागा गावाबाहेरच्या द्यायच्या: रेल्वेचा डबा, तहसील कचेरी, चंद्रावरचं रेशन दुकान. एका पोराची टिंगल करून हशा मिळायला लागला की प्रवेश थांबवायचा, मग तो हशा कितीही मोठा असो.

मुली येत नाहीत, याचं तुला आश्चर्य वाटतं, मला नाही. तुमच्या भागात वाघाच्या भीतीनं अंधारात माणसं शिवाराच्या वाटेनं जात नाहीत आणि तू तालीम संध्याकाळी ठेवतोस. दुपारी घे, उजेड असताना संपव, दार उघडं ठेव, गावातल्या एखाद्या ताईंना किंवा शिक्षिकेला बसायला बोलाव. रोवणीच्या आणि धान कापणीच्या दिवसांत तालीम बंद ठेव, नाहीतर रिकामी समाजमंदिरं बघून तूच खचशील.

ही शहरी पोरांची चैन आहे असं कुणी म्हटलं तर त्यांना व्हायोला स्पोलिन सांग. या बाईंनी शिकागोत गरीब वस्तीतल्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांसाठी नाट्यखेळ तयार केले. त्यांचं इम्प्रोव्हवरचं पुस्तक 1963 सालचं. त्याआधी 1959 मध्ये त्यांच्या मुलानं साथीदारांबरोबर शिकागोत ‘सेकंड सिटी’ हे नाट्यगृह सुरू केलं. तिथे ऐनवेळी सुचलेलं जे जमतं, ते पुढे घासूनपुसून ठरलेल्या प्रहसनात घेतात. तूही तालमीतलं बरं निघालेलं त्याच रात्री वहीत उतरव. पुढे लेखनाचं काम मिळालं तर या वहीतूनच मिळेल.

आणि करिअर म्हणशील तर तुझ्याजवळ विकण्यासारखं अभिनयाइतकंच, कदाचित जास्त, तालीम चालवणं आहे. बुजरी मुलं बोलती करणारा माणूस शाळांना, महाविद्यालयांना, सामाजिक संस्थांना लागतो. जवळच्या शाळेत एक शनिवार फुकट घेऊन बघ. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा विचार असेल तर पदवी तुझ्याकडे आहे, पण त्यांना सहा नाटकांचा अनुभवही लागतो, आणि रविवारची तालीम त्यात धरत नाहीत.

तो अनुभव तुझ्या दाराशी आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची पेठ. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, हे बाबांना ठाऊक नसेल तर जरूर सांग. दिवाळीआधी मंडळ्यांची जुळवाजुळव चालते तेव्हा वडशाला जा, पडद्यामागचं मिळेल ते काम माग आणि रात्रीच्या प्रयोगाला किती पैसे देतात, हे आधीच विचारून घे. तारखा ठरवताना मैदानी चाचणीची तारीख मात्र बघ.